मुक्या जनावराचा ऐब कोण सांगणार?

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवली जाते. ताका उलगडून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. वरच्या दोन घड्या स्वच्छ असतात आणि आतल्या घडीत डाग निघतो, तुटलेला धागा निघतो, उतरलेला रंग निघतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक कापड उजेडात धरून पाहते, आणि इमानदार व्यापारी त्याने विचारण्याआधीच सांगतो की, भाई, या मालात अमुक दोष आहे, चालत असेल तर कमी भावात घ्या. आपल्या दीननेही तिजारतीची हीच रीत शिकवली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढली व विकणाऱ्याला जाब विचारला, हा प्रसंग आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क फिकहने खरेदीदाराला दिला आहे. त्यालाच खियार-ए-ऐब म्हणतात.

परंतु माल जिवंत असेल आणि त्याला वाचाच नसेल, तर त्याचा ऐब कोणी सांगायचा? हा प्रश्न माझ्यासमोर एका सरड्यामुळे उभा राहिला. व्यापाराच्या पानावर सरड्याची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना विनंती आहे की शेवटपर्यंत वाचावे. हा तिजारतीचाच प्रश्न आहे.

नवा माल, जुनी सवय

शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पूर्वी पोपट, कबुतरे, ससे आणि रंगीत मासे असत. आता तेथे काचेच्या पेट्यांत परदेशी सरडे दिसतात. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवा इग्वाना, ठिपक्यांची लेपर्ड गेको ही पाल, आणि मुलांना विशेष आवडणारा बियर्डेड ड्रॅगन, म्हणजे गळ्याखाली काटेरी दाढी असलेला ऑस्ट्रेलियातील सरडा. हा धंदा करणाऱ्यांत आपल्या समाजातील तरुणही बरेच आहेत. शिक्षण थोडे, भांडवल थोडे, परंतु मेहनत व हुशारी भरपूर. त्यांच्या रोजगारावर पाय देण्याचा माझा मुळीच इरादा नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने दोन वर्षांच्या ईदीचे पैसे जमवून असाच एक दाढीवाला सरडा आणला. तळहातावर मावेल एवढे पिल्लू होते. दुकानदाराने सांगितले, "याला काही लागत नाही. एक बल्ब लावा, चार किडे टाका. कुत्र्या-मांजरासारखा त्रास नाही." मुलाने विश्वास ठेवला. खिडकीजवळ काचेची पेटी ठेवली, वर साधा पिवळा बल्ब लावला. खिडकीतून ऊन येते, आणखी काय हवे, असे सर्वांना वाटले.

तीन महिने ठीक गेले. मग त्याचे खाणे कमी झाले. बहीण म्हणाली, "आता घराची सवय झाली, शांत झाला." काही दिवसांनी त्याची बोटे थरथरू लागली. भाच्याने मला विचारले, "मामू, याला थंडी वाजते का?" मलाही काही कळले नाही. पुढे तो पोट जमिनीवर घासत चालू लागला, तेव्हा आम्ही त्याला पशुवैद्यांकडे नेले. डॉक्टरांनी हलक्या हाताने त्याचा जबडा दाबला. तो रबरासारखा वाकला. एक्स-रे दाखवला तेव्हा हाडांच्या रेषा इतक्या फिक्या होत्या, की मला धुऊन धुऊन विरलेले मलमल आठवले.

या रोगाला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. पाळलेल्या सरड्यांत तो फार आढळतो, आणि तो बहुतेक वेळा माणसाच्या चुकीने होतो. सरड्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी उन्हातील यूव्हीबी किरण लागतात. ते नसतील तर खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. भांडवलातून घरखर्च चालवणाऱ्या व्यापाऱ्यासारखे हे आहे. काही महिने दुकान उघडे दिसते, आतून पेढी रिकामी झालेली असते. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, पण हे किरण काचेतच अडतात. ही एक गोष्ट दुकानदाराने सांगितली असती, तर ते जनावर आज सरळ चालले असते.

आजार ओळखावा कसा?

त्यानंतर मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारले, वाचले, आणि जे समजले ते येथे सांगतो. पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी की सरडा आपला आजार लपवतो. रानात जो अशक्त दिसतो तो प्रथम मारला जातो, म्हणून अशक्तपणा न दाखवणे हा त्याचा स्वभाव आहे. शिवाय त्याच्या शरीराचा कारभार सावकाश चालतो. आपल्याला आजार दिसतो तेव्हा तो कित्येक आठवड्यांचा जुना असतो. म्हणून "शांत झाला" हे समाधानाचे नव्हे, चौकशीचे कारण आहे.

वजन हा सर्वांत खरा साक्षीदार आहे. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा, आठवड्यातून एकदा वजन करावे आणि वहीत तारखेसह लिहावे. वाढत्या पिल्लाचे वजन थांबले किंवा मोठ्याचे उतरू लागले, तर काही बिघडले आहे असे समजावे. थंडीच्या दिवसांत मोठा सरडा काही आठवडे सुस्त राहतो व कमी खातो. ते नैसर्गिक असू शकते. परंतु त्या काळात वजन फारसे उतरत नाही. उतरत असेल तर ती झोप नव्हे, आजार आहे. पिल्लू दोन दिवस खात नसेल तर वाट पाहू नये.

बोटे किंवा पाय थरथरणे, जबडा मऊ होणे, पाठ वाकणे, अंग उचलून न चालता येणे ही हाडे दुबळी होत असल्याची खूण आहे. इग्वानाच्या बाबतीत एक फसवी खूण आहे. त्याच्या मांड्या फुगून टणक होतात आणि घरचे लोक म्हणतात, तब्येत छान सुधारली. प्रत्यक्षात दुबळ्या हाडाभोवती तंतू साचलेले असतात.

डोळे खोल जाणे, कातडी सैल पडणे, तोंडातील लाळ चिकट होणे म्हणजे शरीरातील पाणी कमी झाले आहे. त्याच्या विष्ठेत एक पांढरा भाग असतो. तो रोग नव्हे, ती त्याची लघवी आहे. पण तो भाग पिवळा किंवा नारिंगी व खडूसारखा कडक झाला, तर पाणी कमी पडते आहे. विष्ठा सतत पातळ, फार दुर्गंधीची किंवा रक्ताची असेल, तर पोटात जंत अथवा अन्य परजीवी असण्याचा संभव आहे.

ऊब घेताना दाढीवाला सरडा तोंड उघडून बसतो. तो आपले अंग थंड करत असतो, त्याची भीती नको. पण दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडे, श्वासाला घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे, तर फुप्फुसाचा आजार समजावा. हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील आहे. आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातील दमट हवा आणि वर रात्रभर चालू असलेला एसी, हे दोन्ही मिळून त्याला सोसत नाही.

कात टाकताना बोटांवर किंवा शेपटीच्या टोकावर जुनी कातडी अंगठीसारखी अडकून राहते. ती आवळत जाते, रक्त थांबते व बोट काळे पडून गळते. लेपर्ड गेकोच्या पेटीत एक ओलसर आडोसा ठेवला, तर ही अडचण टळते. या पालीची चरबी शेपटीत साठते. शेपटी बारीक होत गेली आणि जुलाबही असतील, तर आजार गंभीर असू शकतो.

पोट फुगणे, विष्ठा न होणे आणि मागचे पाय ओढणे म्हणजे आतडे तुंबले असावे. पेटीत सैल वाळू टाकल्याने, फार मोठे किडे खाऊ घातल्याने किंवा ऊब कमी पडल्याने असे होते. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, हे सोपे माप आहे. मादी नराशिवायही अंडी धरते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ती बेचैन होऊन जमीन उकरते आणि अंडी न घालताच निपचित पडते, तेव्हा ती अडली आहे. त्या दिवशीच डॉक्टर गाठावा. मागच्या बाजूने आतडे बाहेर आले असेल, तरीही तसेच.

अंगावर पिवळे-तपकिरी खरबरीत चट्टे उठून पसरत असतील, तर ती बुरशी असू शकते. ती दुसऱ्या सरड्यांना लागते, म्हणून त्याला ताबडतोब वेगळे करावे. दाढी दिवसभर काळी राहत असेल, तर त्याला वेदना किंवा भय आहे.

काय करावे, काय टाळावे?

आजारी सरडा दिसला की आपण प्रथम औषध शोधतो. प्रथम उष्णता मोजायला हवी. सरड्याच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते, तो ती बाहेरून घेतो. दाढीवाल्या सरड्याला दिव्याखाली बसण्याच्या जागी साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सियस आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास तापमान हवे, म्हणजे तो आपल्या गरजेनुसार जागा बदलतो. हाताने अंदाज करू नये, तापमापक ठेवावा. अंगाला ऊब नसेल तर पोटातील अन्न पचत नाही, आतच कुजते. म्हणून थंड पडलेल्या सरड्याच्या तोंडात जबरदस्तीने अन्न कोंबणे म्हणजे त्याला मारणे आहे.

यूव्हीबीचा दिवा वेगळा असतो, साधा बल्ब नव्हे. त्याच्या आणि सरड्याच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक नसावे. हा दिवा दिसायला पेटत राहिला तरी काही महिन्यांनी त्यातील किरण कमी होतात. म्हणून तो सहा महिने ते वर्षात, बनवणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीप्रमाणे बदलावा लागतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात गॅलरीत, डोळ्यांसमोर, सावलीची सोय ठेवून थोडा वेळ बसवले तर उत्तमच. परंतु काचेची बंद पेटी कधीही उन्हात ठेवू नये. काही मिनिटांत तिची भट्टी होते. उष्ण दगड किंवा दिवा अंगाला चिकटेल अशा जागीही ठेवू नये. सरड्याला भाजते, तरी तो जागा सोडत नाही.

खाण्याबद्दल थोडे. रातकिड्यांत कॅल्शियम कमी असतो, म्हणून त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावून द्यावी लागते. पिल्लू बहुतेक किडे खाते, मोठा दाढीवाला सरडा बहुतेक पालेभाजी. शेवग्याचा पाला, मोहरीची पाने, जास्वंदाची पाने व फुले, किसलेला लाल भोपळा आपल्या बाजारात मिळतो. पालक रोज देऊ नये. त्यातील द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे. त्याला प्रेमाने अंडे किंवा कोंबडी चारणारे त्याचे मूत्रपिंड बिघडवतात. लेपर्ड गेको मात्र किडेच खाते. आणि पावसाच्या तोंडावर आपल्या डोंगरांत जे काजवे चमकतात, ते चुकूनही दाढीवाल्या सरड्यासमोर टाकू नयेत. एक काजवाही जीव घेऊ शकतो. फवारणी झालेल्या शेतातील किडेही नकोत.

आता दवाखाना. नवे जनावर आणले की निदान एक महिना जुन्यांपासून वेगळे ठेवावे. आजाऱ्याला तर लगेच वेगळे करावे. पाणी कमी पडले असेल तर पसरट भांड्यात कोमट पाणी, खांद्याच्या खाली राहील इतकेच, त्यात दहा-पंधरा मिनिटे आपल्या देखरेखीखाली बसवावे. बोटावर अडकलेली कात भिजवून मऊ करावी, ओढून काढू नये. बाहेर आलेले आतडे आत ढकलू नये, स्वच्छ पाण्याने ओले ठेवून डॉक्टरांकडे न्यावे. घरातील तापाची गोळी, मुलांचे उरलेले अँटिबायोटिक, तेल, हळद, कोणाच्या सांगण्यावरून काहीही देऊ नये. नेताना हवेशीर डब्यात सुती कापड अंथरावे, थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. सोबत ताजी विष्ठा स्वच्छ डबीत, वजनाची वही आणि पेटीचा फोटो न्यावा. निम्मे निदान त्या फोटोतूनच होते.

प्रत्येक पशुवैद्य सरडे तपासत नाही. म्हणून जनावर घेण्याआधीच चौकशी करावी, आजारी पडल्यावर नव्हे. मुंबईत परळला बाई साकराबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथून सुरुवात करता येते. आपल्या गावी कोणी सरड्यांचा जाणकार डॉक्टर नसेल, तर हे जनावर आपल्या घरासाठी नाही, असे मनाशी स्पष्ट ठरवावे.

माणसांच्या तब्येतीचेही पाहावे. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. हात लावल्यावर साबणाने हात धुणे, त्याची भांडी स्वयंपाकघरात न धुणे, पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व अशक्त वृद्ध यांना दूर ठेवणे, हे नियम घरात पाळलेच पाहिजेत. पाकीची शिकवण असलेल्या घरांना हे जड जाऊ नये.

कागदपत्रांचा प्रश्न

आपल्या तरुण व्यापाऱ्यांनी कायदाही समजून घ्यावा. घोरपड, रानातील शॅमेलिऑन, ज्याच्या तेलाच्या नावाने रस्त्यावर भोळ्या लोकांना फसवले जाते तो सांडा, असे आपल्या देशातील वन्य सरडे पकडणे, विकणे व पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांबाबत केंद्र सरकारने २०२० साली स्वेच्छेने माहिती जाहीर करण्याची मुदत दिली होती. त्यानंतर २०२२ ची कायदा दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय करारातील प्राण्यांची यादी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. हिरवा इग्वाना त्या यादीत आहे. असा प्राणी ताब्यात आल्यावर तीस दिवसांच्या आत परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो, आणि पैदास करणाऱ्यास परवाना लागतो.

ऑस्ट्रेलिया आपले वन्य सरडे व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. म्हणजे बाजारातील दाढीवाले सरडे पैदाशीचे असतात. तेव्हा "हे पिल्लू कोठे जन्मले, कोणाकडून आले," असे गिऱ्हाइकाने विचारले, तर दुकानदाराजवळ उत्तर आणि पावती असलीच पाहिजे. जेथे पावती नाही तेथे चोरट्या मार्गाचा संशय येतो. आणि चोरट्या मार्गाने पिशव्यांत कोंबून आलेले जनावर दुकानात पोचते तेव्हाच अर्धमेले असते. एका बाजूला पोलीस व वन खाते, दुसऱ्या बाजूला मेलेला माल. अशा धंद्यात बरकत कोठून येणार?

दुकानातील बोलणे

भाच्याला घेऊन मी त्या दुकानात गेलो. भांडायला नव्हे, बोलायला. दुकानदार पंचविशीतला, आपल्याच समाजातला, अदबशीर मुलगा. त्याने एक्स-रे पाहिला आणि मान खाली घातली. म्हणाला, "चाचा, मला माल देणारा मलाही काही सांगत नाही. आणि मी सगळा खर्च सांगितला तर गिऱ्हाईक उठून जाते. दुकानाचे भाडे माझ्या डोक्यावर आहे."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. जनावरापेक्षा दिवा, तापमापक, पेटी व खुराक यांचाच खर्च जास्त होतो. पिल्लू इवलेसे दिसते, पण दाढीवाला सरडा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. इग्वाना त्याहून जास्त जगतो आणि शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढतो. एवढे ऐकून दहांतली काही गिऱ्हाइके जाणारच.

मला त्याला उपदेश करण्याचा अधिकार किती, हेही मी स्वतःला विचारले. तरुणपणी रमजानच्या गर्दीत मी एका माणसाला रंग जाणारे कापड न सांगता विकले होते. विचारले असते तर सांगितले असते, अशी मनाची समजूत घातली होती. ईदनंतर तो माणूस आपल्या दोन मुलींचे फ्रॉक घेऊन आला. पांढऱ्या लेसवर लाल रंग उतरला होता. तो भांडला नाही. फक्त म्हणाला, "शेठ, एक शब्द सांगितला असता तर दुसरे घेतले असते." मी पैसे परत केले, पण तो पुन्हा दुकानात आला नाही. ते कापड निर्जीव होते. येथे तर जीव आहे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, घरातली पाल मारण्याची रिवायत असताना सरड्याची एवढी काळजी कशाला? असे प्राणी पाळावेत का, विकावेत का, हा मसला उलेमांचा आहे. ज्याला शंका असेल त्याने मुफ्ती साहेबांना जरूर विचारावे. मी व्यापारी माणूस आहे, फतवा देत नाही. पण मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीचा अंजाम हदीसमध्ये सांगितला आहे, हे आपण सर्व जाणतो. तिचा दोष हाच होता की तिने खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. काचेच्या पेटीत कोंडलेला सरडा ऊन शोधायला कोठे जाणार? कोंडणाऱ्यावर त्याच्या उन्हाचीही जबाबदारी येते.

व्यापारी बंधूंना विनंती

त्या दिवशी त्या मुलाशी बोलून जे ठरले, ते इतरांसमोर ठेवतो.

एक, आधी पेटी, दिवे व तापमापक विकावेत आणि गिऱ्हाइकाने ते घरी लावून तापमान दाखवल्यावर आठ दिवसांनी जनावर द्यावे. यात दुकानदाराचा तोटा नाही. सामानावरही नफा असतोच.

दोन, प्रत्येक जनावराबरोबर एक पानाचा कागद द्यावा. काय खाते, किती ऊब लागते, किती वर्षे जगते, कोणत्या खुणा दिसल्या तर डॉक्टर गाठावा, आणि डॉक्टरचा पत्ता. मराठी, उर्दू, हिंदी, जी भाषा गिऱ्हाइकाला येते तीत.

तीन, विकण्याच्या दिवशीचे वजन पावतीवर लिहावे आणि जनावर समोर खाऊन दाखवावे. खात नसलेले जनावर विकू नये, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

चार, ठरावीक दिवसांत आजार निघाला तर परत घेण्याची अट पावतीवर लिहावी. खियार-ए-ऐब पुस्तकात ठेवण्यासाठी नाही, गल्ल्यावर पाळण्यासाठी आहे.

पाच, दुकानातील आजारी जनावरावर उपचार करावेत. ते कोपऱ्यात सरकवून "स्वस्तात घेऊन जा" म्हणून मुलांच्या गळ्यात मारू नये. डागी कापड स्वस्तात विकता येते, कारण डाग सांगितला की सौदा साफ होतो. वेदना स्वस्तात विकता येत नाही.

गिऱ्हाइकांनाही एक सांगणे आहे. परीक्षेत पास झाला म्हणून, ईद आहे म्हणून, शेजाऱ्याकडे आहे म्हणून मुलांना जिवंत प्राणी भेट देऊ नका. घ्यायचाच असेल तर आधी महिनाभर त्याची माहिती मुलाकडून लिहून घ्या. एवढा सब्र ज्याला होत नाही, त्याला दहा वर्षांची चाकरी होणार नाही. आणि हौस फिटली म्हणून परदेशी सरडा तलावावर किंवा रानात सोडून देऊ नका. तो तेथे तडफडून मरतो, अथवा तगला तर इथल्या जीवांना उपद्रव होतो.

भाच्याचा सरडा वाचला. डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केला, योग्य दिवा आला, पेटी एसीच्या खोलीतून हलली. थरथर थांबली, तो खाऊ लागला. पण पाठीचा बाक आणि जबड्याची तिरपी ठेवण आता जन्मभर राहील. वाकलेले हाड त्याच आकारात पक्के होते. दर जुम्म्याला नमाजहून आल्यावर भाचा त्याचे वजन करतो आणि वहीत लिहितो. परवा मी ती वही पाहिली. माझ्या पेढीवरील मुनीमजीही इतका साफ हिशेब ठेवत नाहीत.

त्या दुकानदाराने आता कागद छापून घेतला आहे. विक्री थोडी कमी झाली, असे तो म्हणाला. मी त्याला सांगितले की, बेटा, पहिले वर्ष असेच जाईल, पण जे गिऱ्हाईक राहील ते खुराक व दिव्यासाठी वर्षानुवर्षे तुझ्याकडेच येईल. तो हसला, पण महिन्याचे भाडे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आपण इमानदारीची अपेक्षा करतो, तेव्हा इमानदार दुकानदाराकडूनच खरेदी करण्याची आपलीही जबाबदारी आहे. दोनशे रुपये स्वस्त मिळते म्हणून आपण ऐब लपवणाऱ्याच्या दारात जात राहिलो, तर बाजार बिघडल्याची तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

अल्लाह तआला आपल्या तिजारतीत सचोटी आणि बरकत देवो. आमीन.